पीस कुणाला, पाणी कुणाला? थंडीतलं कोंबडीचं सूप

रविवारी आपल्या बहुतेक घरांत कोंबडी येते. खाणारी तोंडं सहा आणि कोंबडी अर्धा किलो, फार तर पाऊण. वाढायची वेळ आली की लेगपीस कर्त्या पुरुषाच्या ताटात जातो, नाहीतर हट्ट करणाऱ्या पोराच्या. मग सासरे, दीर, बाकीची मुलं. शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला रस्सा, एखादी मान आणि पातेल्याच्या बुडाशी राहिलेला मसाला. कुणी मुद्दाम करतं असं नाही. ती स्वतःच तसं वाढून घेते आणि वर म्हणते, "मला रस्साच आवडतो." वस्त्यांमध्ये फिरताना हे वाक्य मला घरोघरी ऐकू येतं.

या वेळी थंडीसाठी कोंबडीचं, पाला घातलेलं सूप कसं करायचं ते बघू. सूप म्हटलं की हॉटेल आठवतं, पण आपल्या घरांत ते जुनंच आहे. कोंबडी किंवा मटण आधी हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवायचं आणि तिखट-मसाला पडण्याआधी वरचं पाणी वाटीत काढून म्हाताऱ्यांना, पोरांना, आजाऱ्याला द्यायचं. कुणी त्याला आळणी म्हणतं, कुणी आळणी पाणी. आपलं सूप म्हणजे ही आळणीच. फरक दोनच करायचे: मांस पाण्याबरोबर वाटीत गेलं पाहिजे आणि त्यात मूठभर पाला पडला पाहिजे.

हा फरक का, ते आधी सांगते. कारण "सगळी ताकद पाण्यात उतरते" ही समजूत फार पक्की आहे. बाळंतिणीच्या वॉर्डात नातेवाईक डबा आणायचे, त्यात पिवळं गरम पाणी आणि वर तरंगणारा तेलाचा थर. मांस घरच्यांनी खाल्लेलं, 'सत्त्व' बाळंतिणीला पाठवलेलं. प्रेमानेच पाठवलेलं, पण हिशोब उलटा. १०० ग्रॅम कच्च्या कोंबडीत सुमारे २० ग्रॅम प्रथिनं असतात आणि शिजवल्यावर त्यातली बहुतेक मांसातच राहतात. लोहही मांसात राहतं. पाण्यात उतरतो तो स्वाद, मीठ, थोडी चरबी आणि हाडा-कातडीतून सुटलेला चिकटपणा. हा चिकटपणा म्हणजे जिलेटिन. तेही प्रथिन आहे, पण अपुरं. शरीराला लागणारा एक आवश्यक घटक त्यात नसतोच. म्हणून नुसत्या पायांचं सूप पिऊन स्नायू भरत नाहीत. आणि हाडं तासन्‌तास उकळली की कॅल्शियम मिळतं असं म्हणतात, ते पाण्यात फारच थोडं येतं. गॅस मात्र भरपूर जातो. कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी आणि शेवग्याचा पाला कितीतरी सरस.

मग गरम पाण्याचा काहीच उपयोग नाही का? आहे. सर्दीत नाक मोकळं होतं, घसा शेकला जातो, ताप आलेल्या माणसाच्या पोटात पाणी आणि मीठ जातं, तोंडाची चव गेलेली असताना काहीतरी खाल्लं जातं. २००० साली अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातले डॉक्टर स्टीफन रेनार्ड यांनी घरगुती पद्धतीचं, भाज्या घातलेलं कोंबडीचं सूप प्रयोगशाळेत तपासलं होतं. सर्दीत सूज वाढवायला धावणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल त्या सुपामुळे मंदावलेली दिसली. प्रयोग काचेच्या नळीतला होता, माणसावरचा नव्हता, त्यामुळे त्यावरून कुणी सुपाला औषध म्हणून विकायला लागला तर ऐकू नका. घसा मात्र बरा वाटतो, हा अनुभव सगळ्यांचा आहे.

आता बाईच्या ताटाकडे परत येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि पाळी येणाऱ्या बाईला २९ मिलिग्रॅम. दर महिन्याला रक्त जातं, म्हणून तिला दीडपट. आपण तिला देतो रस्सा. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांत तर दर तिघांपैकी दोघांना. जिना चढताना धाप, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, खालची पापणी ओढून पाहिली तर पांढुरकी, दुपारी हातपाय गळणं. आपण याला "अशक्तपणा" म्हणतो आणि सोडून देतो. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते.

म्हणून या सुपातली सगळ्यात महत्त्वाची पायरी मसाल्याची नाही, वाढण्याची आहे. मांस शिजलं की हाडावरून सगळं सोडवायचं, हाताने बारीक तंतू करायचे आणि परत पातेल्यात टाकायचं. मग पीस उरतच नाही. पळी कुणाच्याही वाटीत रिकामी झाली तरी त्यात मांस जातं. घरात भाषण देण्यापेक्षा हे सोपं पडतं. सासूबाईंशी वाद नको, नवऱ्याला टोमणे नको. लेगपीस दिसला नाही म्हणून पहिल्या रविवारी थोडी कुरकुर होईल, ती होऊ द्या.

बाजारात काय मागायचं? सूप करायला छातीचं महाग मांस लागत नाही. पाच जणांसाठी अर्धा किलो कोंबडी हाडासकट घ्या. "दादा, तुकडे बारीक करा, मान, पाठ, पंख सगळं त्यातच टाका" असं सांगा. त्याबरोबर शंभरेक ग्रॅम कलेजी-पेटा मागून घ्या. हा माल मांसापेक्षा स्वस्त असतो आणि लोहाच्या बाबतीत मांसाला मागे टाकतो: १०० ग्रॅम कोंबडीच्या मांसात साधारण १ मिलिग्रॅम लोह, तेवढ्याच कलेजीत ९ च्या आसपास. मोठ्या दुकानातून कातडी काढलेली, पाकिटातली 'ब्रेस्ट' आणणाऱ्या शेजारणीचा हेवा करू नका. पाय घ्यायचे तर चार-सहा घ्या, दाटपणा येतो. नखं तोडून, आचेवर धरून वरची पिवळी कातडी सोलून काढायची.

धुताना एक काळजी. कच्ची कोंबडी नळाच्या धारेखाली धरली की तिच्यावरचे जंतू शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, चिरलेल्या भाजीवर, बाजूच्या हंड्यावर उडतात. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत स्वयंपाकाची आणि पिण्याच्या पाण्याची जागा एकच असते. म्हणून पातेल्यात पाणी घेऊन हळूच बुडवून धुवा आणि ते पाणी जपून मोरीत ओता. भाजी आधी चिरून घ्या, कोंबडी नंतर. त्याच विळीवर उलटा क्रम नको. शेवटी विळी आणि हात साबणाने धुवायचे.

आता करायला घेऊ. पाय असतील तर ते आधी एकटेच, थोडं पाणी घालून, कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या करून घ्या, कारण त्यांना वेळ लागतो. मग कुकरमध्येच चमचाभर तेल तापवून आठ-दहा लसूणपाकळ्या, इंचभर आलं आणि एक कांदा, सगळं ठेचून किंवा बारीक चिरून परतायचं. त्यावर अर्धा चमचा हळद, आठ-दहा ठेचलेले मिरे. मांसाचे तुकडे घालून रंग पांढरा होईपर्यंत परतायचं, पायांचं पाणी धरून एकूण दीड लिटर पाणी आणि सपाट एक छोटा चमचा मीठ घालायचं. ब्रॉयलरला तीन शिट्ट्या पुरतात. गावरान कोंबडी मिळाली तर वयाप्रमाणे सहा-सात. पेटा चिवट असतो, तो बारीक चिरून मांसाबरोबरच कुकरमध्ये जाऊ द्या. कलेजी मात्र आत्ता नाही, ती कुकरमध्ये दगडासारखी होते.

वाफ गेली की मांस काढून थोडं निवू द्या आणि सोडवायला बसा. या कामाला घरातल्या मोठ्या मुलांना बसवावं, मुलग्यांनाही. बारीक हाडांची काळजी घ्या, मानेची आणि पाठीची हाडं घशात अडकतात. सोडवलेलं मांस परत पातेल्यात, सूप उकळीवर, त्यात बारीक चिरलेली कलेजी. सहा-सात मिनिटांत ती आतून लाल राहत नाही. दोन चमचे नाचणीचं पीठ गार पाण्यात कालवून लावलं की सूप दाटतं; हॉटेलवाले त्यासाठी मक्याचं पांढरं पीठ लावतात, त्यात दाटपणाशिवाय फारसं काही नाही.

मग पाला. थंडीचे हे तीन-चार महिने पालेभाजीचे राजे महिने आहेत आणि इथे हात आखडू नका. माणशी एक मोठी मूठ धरा. माझी पहिली पसंती शेवग्याच्या पाल्याला. शेंगा विकत घेतो आणि पाला झाडाखाली कुजतो, असं आपल्या कितीतरी वस्त्यांत दिसतं. या पाल्यात कॅल्शियम आहे, लोह आहे, अ जीवनसत्त्व देणारे घटक आहेत, आणि बहुतेक वेळा तो फुकट आहे. काड्या काढून कोवळी पानं घ्या, पाच मिनिटं उकळू द्या. मराठवाड्याकडून आलेल्या घरांना हरभऱ्याचा पाला आणि करडईची भाजी ठाऊकच असते. हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांचा आंबूसपणा कोंबडीच्या सुपात इतका छान लागतो की लिंबू कमी लागतं. चाकवत, लाल माठ, राजगिरा, कांद्याची पात, सगळं चालतं. मेथी घालायची तर मूठभरच, नाहीतर मुलं वाटी सरकवतील. शेपूबद्दल ज्याचं त्याने ठरवावं.

पालकाचं नाव सगळे घेतात म्हणून सांगते. पालकात लोह आहे, पण त्याच पालकातले ऑक्सलेटसारखे घटक ते शरीराला सहज घेऊ देत नाहीत. पालेभाजीतलं लोह एरवीही कमीच शोषलं जातं. मांसातलं लोह शरीर पटकन उचलतं, आणि मांस सोबत असलं की पाल्यातलं लोहही जास्त उचललं जातं. कोंबडी आणि पाला एकाच वाटीत घालायचं खरं कारण हे. तिसरा सोबती लिंबू. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, पण उकळलं की नासतं, म्हणून वाटीत वाढल्यावरच पिळायचं. आणि या सगळ्यावर पाणी फिरवणारी गोष्ट म्हणजे जेवणावरचा चहा. तो तासभर पुढे ढकला.

पाला चिरण्याआधी तीन पाण्यांतून धुवा, चिरल्यावर धुतला तर सत्त्व वाहून जातं. मुंबईत रुळांच्या कडेला पिकवलेला माठ आणि पालक स्वस्त मिळतो. तिथे कसलं पाणी पाजतात ते आपण गाडीतून रोज बघतो. जंतू धुवून-शिजवून जातील, पण गटाराच्या पाण्यातून भाजीत मुरलेलं सगळंच काही जात नाही. त्यापेक्षा विहाराच्या आवारात, चाळीच्या मागे शेवग्याची हातभर लांब जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडावर रोवा. तिला लाड लागत नाहीत.

पाकिटातलं सूप आणि सूपचे चौकोनी क्यूब यांच्यावर फार शब्द खर्च करत नाही. त्यात मीठ भरपूर आणि कोंबडी नावापुरती. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे छोट्या चमचाभर मिठाच्या आत राहा म्हणते. आपल्या घरी लोणचं, पापड, ठेचा असतोच. बीपीच्या माणसाची वाटी मीठ घालण्याआधी वेगळी काढली तर उत्तम.

सूप म्हणजे पूर्ण जेवण समजू नका. बाजरीची भाकरी चुरून खा, थंडीत तिच्यासारखं दुसरं काही नाही. काही शिकल्या-सवरलेल्या घरांत आता मांस बंद झालंय, कुणी मनापासून सोडलंय, कुणी शेजारपाजारच्या नजरेला लाजून. सोडणं ज्याच्या-त्याच्या मर्जीचं. पण जागा रिकामी ठेवू नका: अंडी, डाळी, हुलगे, मोड आलेली मटकी त्या जागी आली पाहिजे. आपण बऱ्याचदा चहा-बिस्किट आणतो.

काही जणांना हे सूप जपून द्यायला हवं. गरोदर बाईला कलेजी देऊ नका. त्यात अ जीवनसत्त्व फार असतं आणि ते पोटातल्या बाळाला बाधू शकतं. मांस, पाला, लिंबू तिला जरूर द्या. ज्यांना युरिक अ‍ॅसिडमुळे सांधे सुजतात त्यांनाही कलेजी नको. मुतखड्याचा त्रास असेल तर पालकाऐवजी दुसरा पाला निवडा. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मांस किंवा पाला वाढवू नका. एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: हृदयाची झडप बदललेली असेल आणि वॉरफेरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर एकदम भरपूर पालेभाजी खायला सुरुवात केल्याने गोळीचा परिणाम कमी होतो. अशा माणसाने पाला बंद करू नये, रोज सारख्याच बेताने खावा आणि आपण काय खातो ते डॉक्टरांना सांगावं.

लहान मुलांबाबत मी जरा कडक बोलणार आहे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, सुपाचा चमचाही नको. त्यानंतर द्यायचं ते पाणी नव्हे. बाळाचं पोट मुठीएवढं असतं, ते सुपाच्या किंवा डाळीच्या पाण्याने भरलं की बाळ गप्प होतं आणि आईला वाटतं जेवलं. वजन मात्र वाढत नाही. मऊ भात, बारीक कुस्करलेलं मांस, शिजलेला पाला आणि अर्धा चमचा तेल एकत्र करून ते सुपात ओलसर करा. चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट हवं. वर्षाच्या आतल्या बाळासाठी मीठ घालायच्या आधीच वाटी काढून घ्या. वर्षावरच्या मुलाला आठवड्यातून एकदा बोटाच्या पेराएवढी कलेजी पुरे.

उरलं तर? फ्रिज नसलेल्या घरात उरू नये इतकंच करा. "थंडी आहे, रात्रभर राहील" म्हणून पातेलं झाकून ठेवतात, पण पत्र्याच्या बंद खोलीत थंडी कितीशी असते? दोन तासांच्या आत खाऊन संपवा. रात्रभर बाहेर राहिलेल्या सुपात जंतू जे विष सोडतात त्यातलं काही सकाळी खळाखळा उकळूनही जात नाही. वास आला नाही म्हणजे चांगलं आहे, असंही नसतं. फ्रिज असेल तर उथळ भांड्यात निवून ठेवा, दुसऱ्या दिवशी पूर्ण उकळून संपवा.

शेवटी, सूप कुठे पुरत नाही ते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन आलेली मंडळी गाडीच्या गर्दीतून, उघड्यावरच्या रात्रीतून घसा बसवून परततात. त्यांना दोन-चार दिवस हे सूप, गरम पाणी आणि झोप पुरते. पण लहान मुलाचा श्वास बघायला शिका. मूल शांत असताना, छाती उघडी करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर सूप-काढा करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

रक्तक्षयाची गोळीही सुपाने सुटत नाही. गरोदर बाईने लोहाची लाल गोळी रोज, १८० दिवस घ्यायची असते. ती लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळी बंद करू नका.

आणि खोकला दोन आठवडे टिकला, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतंय असं दिसलं, तर थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि टीबीची औषधं फुकट आहेत. निक्षय पोषण योजनेत पेशंटला उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये खाण्यासाठी मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे १,००० झाले. ते बँक खात्यात जमा होतात, म्हणून आपला खाते क्रमांक आरोग्य केंद्रात नोंदला गेलाय का ते विचारून या. पैसे आले की ते किराणाच्या उधारीत जाण्याआधी पेशंटसाठी कोंबडी, अंडी आणि डाळ बाजूला काढा.